सहीच्या वरची चौकट

गाडीच्या परवान्याच्या कार्यालयात मारित आपला नंबर यायची वाट पाहत होती. मागच्या बाकावर बाप-लेक बोलत होते.

"बाबा, अर्जाची आज शेवटची तारीख आहे. वरच्या पातळीच्या इंग्रजीचे दोन वर्ग आहेत, त्यातला एकच घेता येतो."

"तुझ्या ताईनं साहित्याचा घेतला होता."

"ताईला कविता आवडतात. कवितेत दडलेला अर्थ शोध म्हटलं की मी वही मिटते."

"आणि दुसऱ्या वर्गात काय असतं?"

"भाषणं, लेख वाचायचे. बोलणारा आपल्याला कसं पटवतो ते उलगडायचं. मग आपण वाद घालायचा."

"वाद घालायला तुला वर्ग कशाला लागतो गं?"

"चेष्टा करू नकोस ना! तू साहित्यच म्हणशील, म्हणून मी आठवडाभर विषयच काढला नाही."

"डेल्फीन, सोमवारी तू सहीसाठी टेबलावर ठेवलेला अर्ज मी तुझ्या दप्तरात परत ठेवला होता, तो काढ बरं. नंतर उघडून पाहिलास?"

"हिंमत झाली नाही... अरे, सही केलीयस तू! वर्गाची चौकट कोरी असताना?"

"चौकट तुझी. माझी जागा तिच्याखाली आहे."

"बाबा! पेन दे, पेन!"

"गाडीत राहिलं."

मारितनं मागे न वळता आपलं पेन खांद्यावरून मागे धरलं. डेल्फीननं ते घेतलं, तेवढ्यात मारितचा नंबर पुकारला गेला. ती पेन परत न मागताच खिडकीकडे गेली.