टँकरवाल्याविरुद्ध केळफुलाची भाजी

...साडी कुठली, ते विचारलं तिला. पंचायतीला उभी राहिलेली बाई, आणि हे विचारतात साडी कुठली. तुम्हाला सांगतो, आमची विनितावहिनी उभी राहिली ती एकाच गोष्टीसाठी, की आमच्या गिरीज गावच्या विहिरी उपसून टँकर जातात नव्या बिल्डिंगींना आणि इकडे वाडीतल्या केळी सुकतात, तर ते टँकर बंद करायचे. टँकर कुणाचे? तुळशीदासशेठचे. समोर उभं कोण? तुळशीदासशेठच. आणि आमच्या साप्ताहिकाचे संपादक जयवंतकाका, त्यांनी छापलं काय... शेठना 'विकासाचा ध्यास', वहिनीची 'मोतिया साडी, शालीन हसू'. टँकरचं एक अक्षर नाही.

पुढच्या अंकाला प्रश्न, "सासूबाईंची परवानगी घेतलीत?" शेठला विचारलंत का कधी सासूबाईंचं? वहिनी विहिरींवर घसा सुकेपर्यंत बोलली, छापून आलं 'घर सांभाळून राजकारण'. टँकरचं एक अक्षर नाही.

गेलो मी छापखान्यात. काका चष्म्यावरून बघत म्हणतात, "कॉलेज सोडून उंडारणाऱ्यानं मला पेपर शिकवू नये. बायकांचं लोक असंच वाचतात." केस पिकले की अक्कल पिकते, असं कुणी सांगितलं यांना? आणि मागच्या पानावर शेठची जाहिरात, हाऽ एवढी. तिथं बरा टँकर छापता आला.

वर काकांचा निरोप, मतदानाआधीच्या शेवटच्या अंकाला वहिनींची एक पाककृती द्या. मी म्हटलं, तोंडावर फेक त्यांच्या. वहिनीनं कागद पुढे केला. "भावजी, बसा. लिहून घ्या."

'केळफूल चिरून रात्रभर पाण्यात ठेवावे. पाणी विहिरीचे घ्यावे. विहीर आटली असल्यास कोणाच्या टँकरने आटली, ते शेजारणीला विचारावे. तुळशीदासशेठचे नाव निघाल्यास मत देताना आठवावे. मग फोडणी द्यावी.'

काकांनी छापलं, न वाचता, जसंच्या तसं. बायकांचं पान, ते कोण वाचतंय... बायकांनी वाचलं. विहिरीवर, बाजारात, रविवारची मिस्सा-प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या दारात एमिलीआंटी मोठ्यानं वाचून दाखवायची. शेठ पडले. वहिनी आली.

निकालाचा अंक हातात घेतला. 'सुगरण विजयी'. खाली चौकट, 'दिलगिरी'. तुम्हाला सांगतो, ऊर भरून आला, म्हटलं म्हातारा सुधारला शेवटी, आणि वाचलं... 'गेल्या अंकातील केळफुलाच्या भाजीत मीठ किती घालावे, हे नजरचुकीने राहून गेले.'

मिठाचं एक अक्षर राहिलं, तर चौकटीत माफी.