आवाज लागेपर्यंत

—नाही बाबा, हात नका लावू, अजून झालं नाहीये. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकतायत, तुम्हाला दिसत नाहीत ते बरंय, मलाही बघवत नाहीयेत. बसा. खुर्ची तुमच्या डाव्या हाताला — हां. काय सांगत होते मी? की हे तुमच्या जुन्यासारखं मॅक कॉम्प्युटरचं मशीन नाहीच. दुकानात मी गिऱ्हाइकांना जोडून देते तसलंच, सुटे भाग आणून जोडलेलं, आणि त्याच्यावर मॅकचं सॉफ्टवेअर चढवतेय. कंपनीला हे मान्य नाही, म्हणून हे हजार नखरे करतं. पेनड्राइव्हमधून आधी त्याच्या कानात सांगायचं, बाबा रे, तू मॅकच आहेस — अहो, तुम्हाला नाही म्हणाले, मशीनला! हसलात? हसा, जुनं मशीन गेल्यापासून बारा दिवसांत पहिल्यांदा.

तर मॅक चढलं. परवाच चढलं. चित्र आलं, कीबोर्ड चालला — तो तुमचा जुनाच ठेवलाय, बोटांच्या ओळखीचा — इंटरनेटही लागलं. लागला नाही तो फक्त आवाज. आणि आवाजाशिवाय तुम्हाला ह्या खोक्याचा काय उपयोग? डोळस माणसाने मुकं मशीनही चालवून घेतलं असतं. तुम्हाला ते वाचून दाखवणार, तेव्हा तुम्ही लिहिणार. त्या आवाजाच्या चिपसाठी सेटिंगमध्ये एक आकडा घालावा लागतो, कुठला ते कोणी धड सांगत नाही — एक घालायचा, मशीन बंद करून चालू करायचं, कान देऊन बसायचं. आठ आकडे झाले. आठही मुके. आता नववा, अकरा हा आकडा घातलाय. हाही नाही चालला तर — तर काय, अजून आकडे आहेत. घाबरले नाहीये मी.

दुसरं कुठलंही मशीन चाललं असतं, हो, म्हणालात तुम्ही. पण चौदा वर्षं तुमची बोटं ह्याच कळा दाबतायत, कानाला मॅकमधल्या ह्याच वाचून दाखवणाऱ्या बाईची सवय — आणि बहात्तराव्या वर्षी तुम्हाला परत बाराखडीपासून बसवायचं, तेही माझ्यामुळे? ... माझ्यामुळे म्हणजे — जुनं मशीन मीच दुकानात नेलं आणि दुरुस्त न होता परत आणलं ना, म्हणून. ... नाही. तसं नाही. ‘जुनं झालं होतं, आपोआप गेलं’ असं सांगितलं मी तुम्हाला. पाणी गेलं त्यात. माझ्या हातून सांडलं. तुम्ही आंघोळीला गेला होतात, मी टेबल आवरत होते, पडदा तसाच उजळलेला — तुम्ही तो मालवत नाहीच कधी, तुम्हाला काय फरक पडतो — आणि त्यावर अर्ज. वृद्धाश्रमात जागा मागणारा. ‘मी अंध आहे. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला. सून अजून माझ्यापाशीच राहते. तिला मोकळं करावं म्हणून…’ मोकळं! मला कोणी दावणीला बांधलंय का, बाबा? तुमचा मुलगा गेला तेव्हा मलाही जाता आलं असतं, माझी आई रोज फोन करत होती. नाही गेले. आणि तुम्ही माझ्या पाठीमागे अर्ज टाइप करत बसलात? सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन?

सांडलं नाही पाणी. ओतलं. भरलेला पेला होता हातात, अख्खा रिकामा केला. मग धावत जाऊन फडका आणला — पण तो मग. ओतताना मला कळत होतं मी काय करतेय ते.

काही बोलू नका आता. नंतर बोला, काय बोलायचं ते. जुन्या मशीनची डिस्क पाण्यातून वाचली. तुमचं सगळं लिखाण ह्यात उतरवलंय, एक ओळ कमी नाही. अर्जसुद्धा. दोनदा बोट नेलं होतं तो पुसायला — नाही पुसला. एकदा ओतून झालं होतं तेवढं पुरे. जायचंच असेल तर जा, मी सामान बांधून देईन, पण मला सांगून —

थांबा. पडदा उजळला. अर्ज उघडते... हं, आता बाईला बोलतं करायच्या तुमच्या त्या दोन कळा दाबा, एकदम. ... परत दाबा. ... बोलतेय! बाबा, तीच बाई, तीच! ‘प्रति, व्यवस्थापक’ — ऐका तुम्ही, मी खिडकीपाशी थांबते, मला पाठ आहे ते. ... का थांबवलंत? बिघडलं का काही? मग आता हे काय बोलतेय ती? सू... श्वा... वि... ही सुटी सुटी अक्षरं कसली — अहो, खोडताय तुम्ही? शेवटाकडून? ‘आपला विश्वासू’ गेलं. ... त्याच्या वरचीही ओळ? बाबा, सगळा अर्ज? अहो, मी चिडले म्हणून नका हं, नीट विचार करून —

काय? मी बोलले की अक्षरं ऐकू येत नाहीत?

बरं. गप्प.