सभागृहाला तिचं नाव देण्याआधी

आदरणीय अध्यक्षमहोदय, संग्रहालयाचे संचालकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, तिचे सहकारी आणि समोर बसलेले सर्व स्नेही,

मी पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त करणारा माणूस. घरात बोलायचं काम तिचं आणि ऐकायचं माझं, अशी आमची वाटणी होती. माझी बायको जाऊन आठ महिने झाले, अजून मी ऐकायलाच बसतो. तेव्हा जमेल तसं बोलतो.

तुम्ही तिला 'हाडंवाल्या बाई' म्हणायचात. तिला ते आवडायचं. जीवाश्मांचं दालन तिनं उभं केलं, आणि आज या सभागृहाला तिचं नाव देताय. मी आभारी आहे. पण मागच्या वर्षी याच सभागृहात काय झालं, ते आजच्या एकाही भाषणात आलं नाही. विसरलात का? की सत्काराच्या दिवशी बोलू नये म्हणून?

उत्क्रांती थोतांड आहे असं सांगणाऱ्या एका चित्रपटासाठी सभागृह भाड्यानं दिलं होतं. निमंत्रणपत्रिकेवर या इमारतीचा फोटो, खाली ठळक अक्षरात 'विज्ञान संग्रहालयात'. ती संचालकसाहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "बाई, आपण फक्त भाडं घेतो. मत कुठे देतो?"

ती म्हणाली, "साहेब, दवाखान्याच्या खोलीत कुणी रंगीत पाणी औषध म्हणून विकलं, तर रोगी कुणाची पाटी वाचून आत येतो?"

चित्रपट दाखवूच नका, असं तिनं कधीच म्हटलं नाही. गावात थिएटरं काय कमी आहेत?

मग शास्त्रज्ञ मंडळी निषेधाचं निवेदन लिहायला आमच्या घरी जमली. पहिल्या रांगेत बसली आहेत, रागावू नका. पहिल्याच वाक्यात 'सिद्ध झाले आहे' असं होतं. एक प्राध्यापक म्हणाले, शास्त्रात असं म्हणत नाहीत, 'सर्व पुरावे त्या दिशेने जातात' असं लिहा. दुसरे म्हणाले, 'सर्व' नको, 'उपलब्ध' लिहा. तिसऱ्यांना संदर्भसूची हवी होती. मी चहा करून करून दमलो. शेवटी ती म्हणाली, "अहो, तुमचं एक वाक्य होईतो त्यांचा दुसरा चित्रपट येईल." निवेदन अतिशय अचूक झालं. पोचलं मात्र चित्रपट दाखवून झाल्यावर.

चित्रपटाच्या संध्याकाळी ती आपल्या दालनात दिवे लावून बसली. तब्येत तेव्हाच बरी नव्हती, म्हणून मीही सोबत होतो. मध्यंतरात काही लोक डोकावले. एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे माझा खापरपणजोबा माकड, असं म्हणता?"

"नाही हो. तुमचा आणि त्याचा मूळ पुरुष एक. माकड तुमचं चुलत भावंड."

"मग वाटणीत शेपूट त्यांना आणि घरपट्टी आम्हाला?"

ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. आजोबा मध्यंतर संपल्यावरही तिथेच थांबले. एकेक हाड विचारून पाहिलं. पटलं की नाही, ठाऊक नाही. पण ऐकून गेले.

असो. परवा मी इथल्या कार्यालयात सहज विचारलं, तो भाड्याचा नियम बदलला का? नाही. पुढच्या महिन्यात कोणाचं बुकिंग आहे? त्याच मंडळींचं. चित्रपटाचा दुसरा भाग.

आता जरा विचार करा. या वेळच्या पत्रिकेवर स्थळ म्हणून काय छापलं जाईल? तिचं नाव. ज्या प्रचाराला तिनं हयातभर विरोध केला, त्याच्या पत्रिकेवर. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही? एवढी शिकलेली माणसं आहात. निवेदनातल्या एका शब्दासाठी रात्र घालवलीत, आणि हे सुटलं?

तुम्ही म्हणाल, हा सत्काराला येऊन नाट लावतो. लावतो. संग्रहालयाच्या नावानं इथे काय दाखवायचं, हे आधी तिच्या विभागाला विचारलं जाईल, एवढं नियमात लिहा. लिहिलंत की मला फोन करा, मी पायी येईन. तोवर तिचं नाव माझ्या घराच्या दारावर आहे, तेवढं पुरे.

तुम्ही तिची आठवण ठेवलीत, तिच्या विद्यार्थ्यांनी लांबून येऊन दालन पुसून काढलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि अध्यक्षमहोदय, फलकावरच्या पडद्याची ती दोरी कृपया माझ्या हातात देऊ नका.