वीस वॅटचा ॲम्प

मी देवळीचाच. बाप रेडिओ दुरुस्त करे, बसस्टँडच्या मागं त्याचंच दुकान मी चालवतो, स्पीकर, आवाज वाढवनारे ॲम्प, सगळं. काय सांगू तुम्हाले, तीस वर्षं लोकाइचे आवाज दुरुस्त केले, पण माह्या तोंडातून एक गोष्ट बाहेर निघाले तीन वर्षं लागले.

आमच्या गल्लीत सुखदेवकाका राह्यतात. पुलगावच्या कापड मिलमधी मागावर होते, तिथल्या खडखडाटानं कान मंद झाले, पण गाण्याचा भारी शौक. रिटायर झाले तवा शंभर वॅटच्या स्पीकरच्या दोन पेट्या घेतल्या अन् म्हने, याले जोडाले ॲम्प तूच दे बाबू. मी वीस वॅटचा देल्ला. म्हनलं, लहान ॲम्प मोठ्या स्पीकरचं काय बिघडवन? आमच्या धंद्यातले सारे असंच म्हनत, मीनंही कधी तपासलं नाई. काकाले कमी आयकू ये म्हनून ते आवाजाचं बटन फुल्ल करत. अन् लहान ॲम्पचा दम संपला का आवाज फाटते, तो फाटका आवाज पेटीतल्या बारीक स्पीकरची तार जाळते. महिनाभरात दोन्ही जळले.

पेटी खोलली, काळी तार पाह्यली अन् मले समजलं, चूक माही हाय. पण काकाची सूनबाई समोर उभी होती. मी म्हनलं, काका, तुमचे कान गेले, तुम्हीच फुल्ल करून जाळले. सून म्हने, पाहा, मी सांगतच होती, बुढ्यानं घर डोक्यावर घेतलं. मी नवे स्पीकर बसवून देल्ले, तरी काकानं पुन्हा बटनाले हात लावला नाई. पेट्याइवर सूनबाईनं कुंड्या ठेवल्या. रोज जाता-येता मले त्या कुंड्या दिसत.

औंदा उन्हाळ्यात मोठा ॲम्प घेऊन गेलो. हळूच म्हनलं, काका, माही चूक होती. त्याइले आयकू नाई आलं. म्हने, काय म्हनतं बे? मंग ओरडलो, काका, मी खोटं बोललो, तुम्ही नाई, मीनं जाळले! सारी गल्ली बाहेर आली, सूनही आली. काका म्हने, काऊन बोंबलून राह्यला इतका, आलं आयकू.

सूनबाईनं गुपचूप कुंड्या खाली ठेवल्या. मी ॲम्प जोडला, बटन अर्ध्यावर आणलं, आवाज कसा मोकळा निघाला. काकानं कान देल्ला, नाई म्हनून मान हलवली. मंग पेटीवर तळहात ठेवला अन् म्हने, हो, वाजून राह्यलं.

तीन वर्षांत कान आणखी गेले होते. ते तीन वर्षं मी खाल्ले, ते कोन्त्या ॲम्पनं भरून देऊ? आता रोज सकाळी काका पेटीवर हात ठेवून बसतात. मी दुकानाले जाताना थांबतो. ये बाबू, म्हनतात, ठेव हात. मी ठेवतो.