तुफानात टाकलेला माल

— नाय मावशी, मला कुणी धरून आणलं नाय. तो बघा माझा दादा, साईनाथ, झेरॉक्सच्या टपरीवर उभा हाय — त्याच्याच गाडीत, पुढच्या सीटवर बसून आले मी, वाटेत उसाचा रस पण पाजला त्यानं. हक्कसोडपत्र करायचंय. बाबांच्या जमिनीतला माझा वाटा दादाच्या नावावर सोडायचा. तुमचं पण तेच? मग तुमाला काय सांगायचं. साडी घेतली का भावानं? आमच्यात घेतातच — वाटा सोडला की साडी, आणि भावाकडं गोडाचं जेवण. माझी मोतिया रंगाची हाय, मला विचारून घेतली. माणूस वाईट नाय हो. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आता आत रजिस्ट्रार साहेब विचारणार, कुणाचा दबाव नाय ना? त्या एका प्रश्नापायी माझी झोप उडालीय. हसू नका. खोपोलीच्या रस्त्याला फादर लोकांचं मोठं घर हाय ना, तिथं पाद्री व्हायला आलेल्या पोरांना मी मराठी शिकवते — हर्षला टीचर. माझा तास संपला की मागं बसून त्यांचा तत्त्वज्ञानाचा तास ऐकते, आपली हौस. म्हातारे फादर जुन्या ग्रीकांचं सांगतात — गलबत तुफानात सापडलं, बुडायला लागलं, म्हणून तांडेलानं, गलबताच्या कप्तानानं, सगळा माल समुद्रात फेकला. आता त्यानं तो खुशीनं फेकला का जबरदस्तीनं? पोरं म्हणाली, जबरदस्तीनं. फादर म्हणाले, नाय, हात त्याचा, निवड त्याची, त्या घडीला त्याला तेच पायजे होतं. मालाचं दुःख होणारच, पण काम त्याचंच. मी घरी जाऊन रडले, मावशी. म्हणजे सही माझीच म्हणायची? आणि तुफान कुणी आणलं, ते कुणी विचारायचंच नाय?

विचारलं की मी. तर म्हणाले, त्यांच्या चर्चमधे कुणी भीतीपोटी लग्नाला हो म्हटलं असेल, तर ते लग्नच धरत नायत — चौकशी करतात, साक्षी घेतात, आणि हे पहिल्यापासून झालंच नव्हतं असं लिहून देतात. किती बरं ना? पण भावाबहिणीचं असं कोण लिहून देणार? सही नाय केली तर दादा ओरडायचा नाय, नुसतं दार लावून घेईल, आणि त्या दारामागं आई हाय, अंथरुणावर. बोललाय तसं — रस पिता पिता, शांतपणे. ‘मंग आईकडं कशाला यायचं गं, हर्षू?’ आणि सही केली तर —

केली तर काय, काय नाय. नवऱ्याचं घर हाय की शेलूला, लिफ्टवालं. मनगटाकडं काय बघताय, बांगडी फुटली. परवा पोरांना एक कथा शिकवत होते, त्यातली बाई मार खाऊन परत नवऱ्याकडंच जाते. पोरांनी विचारलं, टीचर, ती मनानं गेली का? मी म्हटलं, तिला दुसरं दार कुठं होतं? माझ्या वाट्यात मी दोन खोल्या बांधणार होते, मावशी, विहिरीकडच्या अंगाला. आज सकाळी कपडे बॅगेत भरले, चावी वॉचमनकडं देऊन निघाले — परत जायचंच नाय म्हणून. कुणाला बोलले नव्हते, तुमाला कशी बोलले कोण जाणे. दादाला ठाव नाय. सांगितलं तर म्हणेल, जमिनीवर डोळा ठेवून नवरा सोडला. तुमीच सांगा, कसं —

आले रं, दादा. काय नाय, मावशींशी बोलत होते. रडतेय कुठं, ऊन लागलं डोळ्यांना. ती बॅग ठेव, मी घेते. जड हाय, पेपर हायत पोरांचे. हो, जेवायला येते ना, आईच्या बाजूला बसूनच जेवेन. आणि संध्याकाळी तू सोडशील ना मला? कुठं म्हणजे? शेलूलाच. दुसरं कुठं.