पूर्वेचं दार

अहेरीच्या बँकेत, रांगेत माझ्यापुढे नवरा-बायको. घरकर्जाची फाईल नुकतीच परत मिळाली होती.

"काय म्हनले साहेब?"

"कागदावर प्लॉट झुडपी जंगल हाये म्हनते. कर्ज नाई भेटत."

"तुमी सातबारा पाह्यला नाई?"

"महाराजाले प्लॉट दाखवला ना! दार बरोबर पूर्वेले येते म्हने."

"अन् बयाना?"

"मुहूर्त चांगला होता. देऊन टाकला."

"वा! मंग आता महाराजालेच बसवा मॅनेजरच्या खुर्चीत."

"पन जंगल कुठी हाये तिथी? एक झाड तरी हाये का?"

"होती ना चार. दाराच्या आड येते म्हनून परवा तुमीच तोडली."

"हळू बोल! मांगं कोन उभा हाये पाह्य."

मी वनरक्षकाची टोपी काढून पिशवीत घातली.