झाकून ठिवलेला डायनामो

सन छेचाळीस, आन् मी बावीस वर्सांचा. गाव आमचं तेर, बा लव्हार, शाळा म्हनाल तर दुसरी, ती बी पुरती न्हाय, पर लोखंड कुठं दुखतंय ते मला हात लावला की कळायचं, हे आजबी सांगतो, कुणाला खोटं वाटंल तर वाटू द्या. मुरुमला एका सेठचं कापसाचं जिनिंग व्हतं, तिथं सतराव्या वर्सीच इंजनावर लागलो व्हतो. माझ्या आदी ते इंजन इमामभाई चालवायचे. जुने मिस्त्री. डोळ्यात फूल पडलं, धड दिसंना झालं, तवा सेठनं त्यांना वखारीवर राखण बशिवलं, तिथंच ऱ्हायला खोली दिली आन् इंजन माझ्या हाती दिलं. तवापासनं माझ्या मनात किडा, की ह्या म्हाताऱ्याला माझं बरं बगवत नसंल. ते रोज इचारायचे, बेटा, इंजन बरं हाय का, आन् मला वाटायचं, बिघडायची वाट बगतोय.

मग लढाईत तेल मिळंना, जिनिंग चार वर्सं बंद. मला सेठनं बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बशवायला ठिवून घेतलं. दिव्यांचा डायनामो व्हता, म्हंजी इंजनाच्या पट्ट्यावर फिरून वीज काढायचं यंत्र, तो गोणपाटात गुंडाळून वखारीत ठिवला. वखारीची किल्ली इमामभाईकडं. ही किल्लीच पुढं आंगावर आली बगा.

छेचाळीसची दिवाळी झाली, कापूस यायला लागला, सेठ म्हनला चालू करा. इंजन पयल्या झटक्यात लागलं. डायनामो काढला, बशिवला, पट्टा चढवला, फिरला बी भिंगरीवानी, पर खटका दाबला तर बल्ब मेल्यावानी. मीटरचा काटा हालंना. बल्ब बदलले, तारा चाचपल्या, पट्टा आवळला. काय न्हाय. सगळे कामगार माझ्याकडं बगायला लागले आन् सेठ म्हनला, कारे, चार वर्सं फुकट पोसला का तुला?

काय सांगू तुम्हाला, माणसाला खाली बघायची पाळी आली की तोंड आपसूक दुसऱ्याकडं बोट करतंय. म्या म्हनलं, सेठ, लढाईत तांब्याला सोन्याचा भाव व्हता, डायनामोच्या पोटात सगळं तांबंच, आन् किल्ली कुणाकडं व्हती ते तुमाला ठावं हाय. बस, येवढंच बोललो. दिवस बी कसले, एकमेकाच्या सावलीवर डोळा ठिवायचे दिवस, मुसलमानाला हिंदूचा भरवसा न्हाय, हिंदूला मुसलमानाचा न्हाय. सेठनं लगेच सांगावा धाडला, सकाळी अमीनसाहेबाला बोलवा. अमीन म्हंजी तवाचा फौजदार. आन् इमामभाईला म्हनला, खोली खाली कर.

इमामभाई म्हनले, सेठ, मेरे सामने खोलो, मग म्हना चोर.

खोलला. तांबं जागच्या जागी, तारेचा एक येढा कमी न्हाय. पर ज्या तांब्याच्या गोल तोंडावर कार्बन घासत्यात, आन् तिथनंच वीज भाईर येती, त्याच्यावर लाखंवानी तांबूस थर. इमामभाईनं नखानं खरवडला, नाकाला लावला.

मला तवाच वळखू आलं. तर बगा, खंडेनवमीला आमी हत्यारांची पूजा करतो. जिनिंग बंद असलं म्हनून काय झालं, चारी वर्सं म्या डायनामोची पूजा केली. भाईरनं रंगाचं पत्रं, तिथं काय कुंकू लावायचं, म्हनून झाकण काढून त्या झगझगीत तोंडावरच करडीच्या तेलात कालवलेलं हळद-कुंकू पाच बोटांनी वढायचो. करडीचं तेल वाळलं की रोगणावानी बसतंय, त्यातनं वीज कशाची जाती? आन् दर साली कुलूप कोण उघडायचं? इमामभाईच. पायतान भाईर काढून नारळ बी त्येच धरायचे.

त्यांनी येकदा माझ्याकडं बगितलं. मी मान वळवली.

त्यांनी काचपेपरनं तोंड साफ केलं. फिरवला, तरी काटा हालंना. मला आतून बरं वाटलं, हे कबूल करतो. तवा इमामभाईनं आतल्या लोखंडाला सुई लावली, ती टपकन खाली पडली. म्हनले, लई दिवस झोपलं, लोखंड आपलं चुंबक इसरलंय, त्याला जरा याद द्यायची. सर्विस मोटारीची, म्हंजी तवाच्या यष्टीची, बॅटरी आणवली, दोन तारा आतल्या गुंडाळ्यांना पापणी लवंस्तवर टेकवल्या, काढल्या. पुना पट्टा चढवला. काटा थरथरला, बल्ब आदी निखाऱ्यावानी लाल, मग पांढराफेक.

माणसं वरडली. पर सेठ हासला न्हाय. म्हनला, आता कळलं, ह्यानंच बंद पाडला आन् ह्यानंच चालू केला, इंजन परत मिळावं म्हनून. मग इमामभाईकडं वळला, ती घाण तूच लावलीस ना रे? इमामभाई म्हनले, सेठ, मला दिसत न्हाय, काय लावलं कुणी ते.

त्या दिवसांत मुसलमानानं हिंदूच्या कुंकवाला दोष दिला असता तर काय झालं असतं, ते त्यांना पुरतं ठावं व्हतं. आन् मला बी ठावं व्हतं. दिवा लख्ख जळत व्हता आन् मी त्याच्याखाली गप हुबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंगूळ केली, कोनाड्यातला कुंकवाचा करंडा घेतला, तेलाची वाटी घेतली, आन् सेठच्या बैठकीत गेलो. अमीन कपबशीतनं च्या पीत बसलेला, इमामभाई दारात, बगलंत बांधलेला बिस्तारा. म्या तेलात कुंकू कालवलं आन् सेठच्या पांढऱ्याफेक गादीवर पाच बोटं वढली. म्हनलं, सेठ, ती घाण ही, आन् बोटं ही, माझी, चारी वर्सं माझीच. सेठ वरडत ऱ्हायला. माफी काय म्या मागितली न्हाय, ती मला येत बी न्हवती. इमामभाईच्या बगलंतला बिस्तारा वढून घेतला, डोक्यावर टाकला, त्यांच्या खोलीत गेलो आन् व्हता तसा पसरून दिला.